वेलकमबाईचे हात

अंबरनाथ (पूर्व)
रविवार, १२ नोव्हेंबर २००६

सौ. ताईस,

‘सौ.’ लिहिलं आणि पाच मिनिटं पेन तसाच धरून बसलो. तुझ्या नावाआधी मी ते आज पहिल्यांदाच लिहितो आहे. या पत्राचं कच्चं दोनदा केलं, हे तिसरं, पक्कं. तू म्हणायचीस, ‘प्रज्वल बोलायला लागला की अडखळतो आणि लिहायला लागला की खोडतो. याच्या पोटातलं कुणाला कळायचं कधी?’

तुझा बेलवलीचा पत्ता द्रौपदीने दिला. तिच्यावर रागावू नकोस. मीच चार वेळा तिच्या दारात जाऊन उभा राहिलो. तीन वेळा तुझी मैत्रीण ‘माहीत नाही’ म्हणाली, चौथ्यांदा तिला माझी दया आली. अंबरनाथहून बदलापूर एकच स्टेशन, आणि मी तुला पोस्टाने पत्र पाठवतो आहे. यावरून काय समजायचं ते समज.

काल मी तुझे हात पाहिले.

सेठच्या कामाला बदलापूरच्या एका हॉलवर गेलो होतो. दारातच आपली फायबरची वेलकमबाई उभी. हातात तबक, तबकात पेढे. पांढरा रंग पिवळा पडलाय. नाकाचा शेंडा मोडून कुणीतरी पुट्टीने बसवलाय, ते काम माझ्या हातचं नाही एवढं तुला आवर्जून सांगतो. पण हात जसेच्या तसे. डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला तव्याच्या चटक्याचा चिंचोक्याएवढा व्रण होता, तो मी बोट फिरवून पाहिला. एक आजोबा मागून म्हणाले, ‘अहो, पेढा घ्या आणि सरका पुढं.’

तुला तो मे महिना आठवतो का? २००२ चा. मला दहावी सोडून चार वर्षं झाली होती आणि कॅम्प दोनच्या सिंधी वस्तीतल्या कारखान्यात टेकचंद सेठकडे मी फायबर ओतायला शिकत होतो. लग्नाच्या सजावटीचे खांब, कमानी, कारंजी. सेठचा मेहुणा दुबईहून दोन फुटांची एक संगमरवरी बाई घेऊन आला. परदेशातली कुठलीतरी जुनी देवी. कंबरेपर्यंत उघडी आणि दोन्ही हात तुटलेले. सेठ म्हणाला, ‘ये बड़ा बनाओ. रोमन सेट में एकदम टॉप दिखेगा.’ रामभाऊंनी आधी मान हलवली, मग शाडू मळायला घेतला. पेणचा माणूस, तीस वर्षं गणपती केलेला. त्यांनी तिला माणसाच्या उंचीची केली, खांद्यावरून एक पदर घेतला, ‘माझ्या हातून एवढी उघडी नाय जायची’ म्हणाले, आणि वर डोळे आखले. मूळच्या बाईचे डोळे कोरे होते. रामभाऊ म्हणाले, ‘डोळे न उघडता मूर्ती कारखान्याबाहेर काढायची नाय. आंधळी बाई दारात उभी करून कुणाला बघायला लावणार?’

पहिली मूर्ती कॅम्प चारच्या एका हॉलवर गेली आणि संध्याकाळी त्याच टेम्पोतून परत आली. नवरीच्या आईने हॉल डोक्यावर घेतला होता. मेरी बेटी की शादी में टूटी हुई औरत? सेठ कपाळ धरून बसला. रामभाऊ शांतपणे म्हणाले, ‘मी आधीच बोललो होतो. खंडित मूर्ती शुभकार्यात उभी करीत नाहीत.’

‘तो हाथ लगा ना, साईं! बैठा क्या है?’

रामभाऊंनी हात केले. पण त्यांच्या बोटांना तीस वर्षं एकच सवय. बाईला गणपतीचे हात बसले, गुबगुबीत, आशीर्वाद देणारे. तू माझा डबा घेऊन आली होतीस. बघितलंस आणि हसत सुटलीस. ‘अहो रामभाऊ, ही पेढे वाटणार की मोदक खाणार?’

ते चिडले. म्हणाले, ‘मग तुझे दे.’

आणि तू दिलेस. बाह्या वर केल्या, खोबरेल आणि व्हॅसलीन चोपडलं, लाकडी तबक हातात धरून तू अर्धा तास उभी राहिलीस आणि मी तुझ्या हातांवर प्लास्टर चढवलं. ते सुकताना गरम होतं. तू ओरडलीस, ‘अरे, मी शिजतेय!’ साचा काढताना हातावरची लव उपटून आली तेव्हा म्हणालीस, ‘बरं झालं, पार्लरचे वाचले.’ दहाव्या मिनिटाला तुझे हात खाली यायला लागले म्हणून बल्ब लावायला आलेल्या लायटिंगवाल्याने कोपराखाली आधार दिला. तो तुझ्याच वर्गातला होता ते मला नंतर कळलं. त्याचं नाव लिहीत नाही, तुला माहीत आहे.

आता कारण. माझं लग्न ठरलं आहे. मुलगी बदलापूरची, मनाली. कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. १३ मे, रविवार. तू यावंस असं मला वाटतं. तुझ्या नोंदणी लग्नाच्या दिवशी मी तुझा साक्षीदार म्हणून कल्याणला येणार होतो आणि आलो नाही. बाबांनी मला आतल्या खोलीत कोंडलं होतं हे तुला माहीत आहेच. त्याला साडेतीन वर्षं झाली.

उत्तर पाठवच असं नाही. पण पाठवलंस तर बरं.

तुझा
प्रज्वल


अंबरनाथ
रविवार, १० डिसेंबर २००६

सौ. ताईस,

मागचं पत्र पोचलं असेल असं धरून चालतो. पोस्टमनला विचारलं, तो म्हणाला, ‘परत आलं नाही म्हणजे पोचलं.’

आमच्याकडे आता रोमन सेट कुणी मागत नाही. सगळ्यांना राजस्थानी महाल हवाय, नाहीतर खरी फुलं. मूर्ती एकेक करून भंगारात जातायत. आपण एकतीस केल्या होत्या. मी वहीत तारखा लिहून ठेवल्या आहेत. त्यातल्या अकरा कुठे आहेत ते मला सांगता येईल.

काल गोदाम आवरताना ते पुस्तक सापडलं. सेठने मूर्तींच्या पॅकिंगला रद्दी घेतली होती त्यात आलेलं, मुलांसाठीचं इंग्रजी माहितीचं जाड पुस्तक, पहिली चाळीस पानं नसलेलं. तू बी.ए.ला इतिहास घेतला होतास म्हणून दुपारी डबा खाताना तूच मोठ्याने वाचून मराठीत सांगायचीस. आमच्या बाईचा फोटो निघाला त्या दिवशी काम अर्धा तास बंद होतं. ती प्रेमाची देवी आहे. ग्रीक लोकांची. पुढे रोमन लोकांनी तीच घेतली आणि नाव व्हीनस ठेवलं. समुद्राच्या फेसातून निघाली.

रामभाऊंनी घास थांबवला. ‘समुद्रातून? मग लक्ष्मीच की. उगाच परकी परकी म्हणून मी हिला पाया न पडता हात लावत होतो.’ दुसऱ्या दिवसापासून ते साचा उघडायच्या आधी तिला नमस्कार करायला लागले.

आणि तू तोंडातला घास गिळून काय म्हणालीस ते मी अजून विसरलो नाही. ‘प्रेमाची देवी, आणि उभी कुठं? जात, गोत्र, पत्रिका बघून ठरवलेल्या लग्नात. दारात. पेढे वाटायला.’

सगळे हसले. मीही हसलो. लायटिंगवाला हसला नाही, त्याने खाली मान घालून वायर सोलली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

वृंदा मॅडम आठवतात? तुझ्या कॉलेजच्या. भाचीच्या लग्नाची सजावट ठरवायला आल्या होत्या. वेलकमबाई बघून त्यांनी चष्मा काढून पुसला. ‘अहो, हे काय केलंत? जगातली सगळ्यात प्रसिद्ध तुटलेली मूर्ती आहे ही. तिच्या तुटण्यातच तिचं सौंदर्य आहे असं म्हणतात लोक.’

रामभाऊ म्हणाले, ‘बाई, तुमच्या घरातली मूर्ती भंगली तर काय करता? तिच्यात सौंदर्य बघता की विसर्जन करता?’

मॅडम मूर्तीच्या जवळ गेल्या. मग डोळ्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या, ‘हे मात्र बरोबर केलंत. या मूर्ती मुळात रंगवलेल्याच असायच्या. डोळे, ओठ, कपडे, सगळं. दोन हजार वर्षांत रंग उडाला आणि आपण पांढरी म्हणजेच सुंदर असं धरून बसलो.’

रामभाऊ दिवसभर छाती काढून फिरत होते. पण सेठ हिशेबी. त्याने विचारलं, ‘मैडम, हाथ में असल में था क्या?’

‘कुणालाच माहीत नाही. कुणी म्हणतं सफरचंद, कुणी आरसा, कुणी ढाल.’

‘किसी को पता नहीं ना? तो तबक क्यों नहीं हो सकता?’

मॅडम जाताना पायरीवर थांबून हसत होत्या. त्यांनी वेलकमबाई ठरवली. हातांसकट.

ते दिवस चांगले होते, ताई. मला वाटायचं, शाळेत माझं जे हुकलं ते सगळं त्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी एक ते दीड मला मिळतंय. तू गेल्यावर मी पुस्तक चाळलं, पण नुसत्या अक्षरांत मजा नाही.

उत्तराची वाट बघतो.

प्रज्वल


अंबरनाथ
१६ जानेवारी २००७

सौ. ताईस,

सोबत तिळगूळ आहे. आईला न सांगता डब्यातून काढला. गूळ सुटला तर कागद चिकटेल म्हणून आधी प्लास्टिकमध्ये घातला आहे.

तुला आईबद्दल लिहायचं टाळत होतो. बाबा त्या दिवशी कल्याणहून आले आणि न बोलता मोरीत गेले. डोक्यावरून पाणी घेतलं. बाहेर येऊन म्हणाले, ‘झालं.’ आईने पंचा पुढे केला. त्या दिवसापासून आईने तुझं नाव घेतलेलं नाही. मला वाटायचं, तिनेही सोडलं तुला.

पण आई लग्नांना जायला लागली. तुला माहीत आहे, तिला गर्दीचा कंटाळा. जेवणावळीत ती नेहमी शेवटच्या पंगतीला बसायची. आता ओळखीच्या, अर्ध्या ओळखीच्या, कंपनीतल्या माणसाच्या मेहुणीच्या, कुठल्याही लग्नाची पत्रिका आली की आई तयार. आधी मला विचारते, ‘हॉल कुठला रं?’ मला वाटायचं, जायला लांब पडेल का म्हणून विचारते.

गेल्या महिन्यात अंबरनाथमध्येच शेजारच्या विष्णुपंतांच्या पुतणीचं लग्न होतं. मी रिक्षाचे पैसे देऊन मागून आलो. आई दारात वेलकमबाईसमोर उभी होती. पेढा घेत होती असं लांबून वाटलं. जवळ गेलो तर तिने मूर्तीचं डावं मनगट धरलं होतं. अंगठा आणि मधलं बोट जुळवून, बांगड्यांचं माप घेतात तसं. मागे रांग लागली होती. कुणीतरी म्हणालं, ‘मावशी, भातुकली मांडलीय का?’ आई म्हणाली, ‘थांब की जरा.’ आणि थांबली.

मी हातांचं तिला कधी सांगितलं नव्हतं. तू सांगितलं असशील तर माहीत नाही. येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, ‘बारीक झालीय.’

मी म्हणालो, ‘आई, ते फायबर आहे. बारीक कसं होणार?’

ती म्हणाली, ‘तुला काय कळतंय.’

ताई, मनाली मला रोज विचारते. ‘तुझी एकच बहीण ना? मग लग्नात मागे करवली कोण उभी राहणार? मला चुलत-बिलत नको हं. नणंद हवी भांडायला.’ तिला मी सांगितलं आहे की तू रागावली आहेस. का, ते सांगितलेलं नाही.

माझ्यावर तुझा राग असायचं काही कारण नाही असं मी पहिल्या पत्रात सुचवलं. मला कोंडलं होतं, मी काय करणार होतो? तरीही तू उत्तर देत नाहीस. पोस्टकार्डावर एक ओळ लिहिलीस तरी पुरे.

प्रज्वल


अंबरनाथ
रविवार, २५ फेब्रुवारी २००७

ताई,

तुझं कार्ड मिळालं. तुझं अक्षर तसंच आहे, उजवीकडे कललेलं. एकच ओळ मागितली होती, तू एकच लिहिलीस. ‘आपल्या घरात आतली खोली कुठली, प्रज्वल?’

मी ते कार्ड घेऊन घरात फिरून आलो. फिरायला किती जागा आहे तुला माहीत आहे. बाहेरची खोली, मध्ये पडदा, मागे स्वयंपाकघर. तो हिरवा पडदासुद्धा तूच शिवलेला. दारच नाही तर कडी कुठून येणार? पण मी साडेतीन वर्षं ती कडी मनात पाहिली आहे. लोखंडी, थोडी गंजलेली. मी आतून दार ठोठावतो आहे असंही पाहिलं आहे. एवढ्यांदा पाहिलं की पत्रात लिहिताना मला ते खोडावंसं वाटलं नाही.

आता खरं लिहितो. कच्चं न करता लिहितो, म्हणजे बदलता येणार नाही.

परवा सेठने साचे फोडायला सांगितले. गोदामाची जागा मोकळी करायची आहे. रामभाऊ दोन वर्षांपूर्वीच पेणला परत गेले, त्यामुळे काम माझ्याकडे आलं. खांबांचे फोडले, कमानींचे फोडले. तुझ्या हातांचा साचा शेवटी ठेवला होता. त्यात डाव्या कोपराखाली तीन खळगे होते. तो आधार द्यायला उभा होता, त्याची बोटं ओल्या प्लास्टरखाली आली होती. एकतीस वेळा मी हात ओतले आणि एकतीस वेळा तिथला उंचवटा घासून सपाट केला. मला वाटायचं, ती कामातली चूक आहे. साचा फोडायच्या आधी मी त्या खळग्यांत माझी बोटं ठेवून पाहिली. बसली नाहीत. मग हातोडा घेतला आणि फोडला. सेठने लांबून विचारलं, ‘तोड़ दिया?’ मी म्हणालो, ‘तोड़ दिया.’

१९ जून २००३, गुरुवार. तू आदल्या दिवशी मला कारखान्याच्या नळाजवळ नेऊन सांगितलं होतंस, ‘उद्या अकराला कल्याणला, विवाह नोंदणी कार्यालयात. तीन साक्षीदार लागतात, आमच्याकडे दोन आहेत. तिसरा तू. सही नीट करशील ना?’ मी सहीचा सराव केला होता. सकाळी शर्टाला इस्त्री केली. बाबा दाढी करत होते. त्यांनी मला विचारलं नाही, ताई. कुणीच काही विचारलं नाही. ते फक्त आरशातून म्हणाले, ‘आज लवकर?’

आणि मी सगळं सांगितलं. कुठे, किती वाजता, कुणाशी. त्याचं नाव सांगितलं. एरवी मला साधं दूध आणायला सांगताना तीनदा अडखळायला होतं. त्या दिवशी एकदाही अडखळलो नाही. का सांगितलं, हे मी अनेकदा शोधलं. मला भीती वाटली की नंतर कळेल आणि बाबा मला विचारतील, ‘तुला माहीत होतं?’ त्या एका प्रश्नाची भीती. बाकी काही नाही. मला त्याच्याबद्दल काही वाईट वाटत नव्हतं, त्याने माझ्या हाताखाली वायर धरायला कधी नाही म्हटलं नव्हतं.

मग बाबा भावकीतल्या दोघांना घेऊन कल्याणला गेले. जिन्यात त्याला मारलं, त्याचा चष्मा फुटला, हे मला संध्याकाळी कळलं. मी दिवसभर पडद्यामागे ओट्याला टेकून बसलो होतो. इस्त्रीच्या शर्टात. तीच माझी आतली खोली.

महिन्याने बेलवलीच्या विहारात तुमचं लग्न झालं, तेव्हा तुझ्या बाजूने कोण उभं होतं, मला माहीत नाही. विचारायचा हक्कही नाही.

त्याचं नाव बुद्धभूषण आहे. आधीच्या तीन पत्रांत मी ते लिहिलं नव्हतं.

आता लग्नाला ये असं म्हणत नाही. हे सगळं मनालीला काल सांगितलं. तिने तुझं कार्ड मागून घेऊन वाचलं. मग म्हणाली, ‘और कुछ है, की एवढंच?’ मी म्हणालो, एवढंच. ती म्हणाली, ‘मग ताईंना पण सांग. मी ऐकून काय उपयोग?’

प्रज्वल


अंबरनाथ
रविवार, १५ एप्रिल २००७

ताई,

तुझं दुसरं कार्ड महिनाभर खिशात घेऊन फिरलो. ‘मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. तू सांगायची वाट बघत होते. आता बोलावणार असशील तर एकटीला बोलावू नकोस.’

मनालीला दाखवलं. ती म्हणाली, ‘बरोबर आहे. सवाष्णीला एकटीला कोण बोलावतं?’

पत्रिका छापायचं काम माझ्याकडेच होतं. घरात शुद्ध लिहिणारा मीच, म्हणून बाबांनी मजकूर माझ्यावर सोपवला. ‘नावं चुकवू नकोस, भावकी रुसते,’ एवढंच म्हणाले. मी छापखान्यात मजकूर दिला. निमंत्रकांच्या नावांत लिहिलं, सौ. कीर्ती व श्री. बुद्धभूषण. जुळारी म्हणाला, ‘लेकीजावयाचं नाव भावकीच्या वर घेऊ की खाली?’ मी म्हणालो, ‘जावई आहे. वर.’ प्रुफं दोनदा तपासली. दोनशे प्रती.

बाबांना दाखवली नाही. आधी वाटायला सुरुवात केली. चौकात, कंपनीत, नातलगांत, एकशे साठ गेल्या. शुक्रवारी संध्याकाळी विष्णुपंत आपली प्रत घेऊन घरी आले. दारातूनच म्हणाले, ‘हिंदुराव, अभिनंदन! हे जावई कधी केलेत? आम्हाला पत्रिकेवरूनच कळतंय.’

बाबांनी चष्मा लावला. पत्रिका वाचली. परत वाचली. विष्णुपंत बसायला लागले होते ते उभेच राहिले. ‘येतो मी, गॅस चालू राहिलाय,’ असं काहीतरी म्हणून गेले.

‘किती छापल्यास?’

‘दोनशे.’

‘वाटल्यास?’

‘एकशे साठ.’

‘मला दाखवली नाहीस.’

‘नाही.’

‘का?’

हे वाक्य पुरं करायला मला खूप वेळ लागला. बाबा थांबले. ‘दाखवली असती तर... दाखवली असती, तर मीच ते नाव खोडलं असतं.’

त्यांना वाटलं होतं, मी त्यांच्याकडे बोट दाखवेन. त्यांनी चष्मा काढून खिशात घातला. मग मी १९ जूनचं बोललो. म्हणालो, तुम्ही मारलंत, पण पाठवलं मी. ते म्हणाले, ‘मला माहीत नाय व्हय?’ आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसले. जेवले नाहीत. काल सकाळी म्हणाले, ‘हॉलवर मी येणार नाही. तुमचं तुम्ही करा.’ ते म्हणतात ते करतात, तुला माहीत आहे. मनालीच्या घरीही थोडं वाजलं, पण ते तिने तिकडेच निस्तरलं.

हे सगळं लिहून, आत पत्रिका घालून, आज पोस्टात टाकणार होतो. पाकिटावर दोघांची नावं घातली. आई मागे येऊन उभी राहिली. तिला वाचता येत नाही, पण पत्रिका ओळखता येते.

‘कुणाची ही?’

‘ताईची.’

‘पोस्टानं?’ आई म्हणाली. ‘लेकीजावयाला पत्रिका पोस्टानं धाडतात व्हय रं? भटक्याला आवतान दिल्यासारखं?’

तिने पाकीट माझ्या हातातून घेतलं. पत्रिकेच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं. रुमालात अक्षता बांधल्या. ट्रंकेतलं ते मोरपंखी लुगडं नेसली, डोक्यावरून पदर घेतला. बाबा ओट्यावर पेपर धरून बसले होते. दहा मिनिटांत त्यांनी पान उलटलं नव्हतं. आई त्यांच्यासमोर जाऊन म्हणाली, ‘मी बेलवलीला जातेय. भाकरी झाकून ठेवलीय. कालवण गरम करून घ्या.’

बाबा पेपरातूनच म्हणाले, ‘चालत जाऊ नगं ठेसनापर्यंत. ऊन हाय. रिक्षा कर.’

एवढंच. पण पावणेचार वर्षांत या घरात तुझ्या दिशेने बोललेलं ते पहिलं वाक्य आहे, म्हणून शब्द न शब्द लिहिलं.

मी सोबत येतो म्हणालो. आई म्हणाली, ‘तू मागनं ये. आधी मी.’ बदलापूरला उतरून पश्चिमेला कसं वळायचं ते तिने माझ्याकडून चार वेळा म्हणून घेतलं. आता चपला घालून उंबऱ्यात उभी आहे आणि विचारते आहे, ‘एवढं काय लिवतोस? ती काय परीक्षेला बसलीय?’

म्हणजे हे पत्र तीच आणते आहे. म्हणजे तू हे वाचते आहेस तेव्हा आई तुझ्या दारात, उन्हात, उभी आहे. हे मी पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. आता पक्कं करायला वेळ नाही.

ताई, पत्र खाली ठेव. तिला आत घे.

प्रज्वल